खोक्यावरचा आकडा आणि घरातले यंत्र

वेदगंगेच्या काठचे मुरगूड हे कागल तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. पंचक्रोशीत बिद्री आणि हमीदवाडा येथील साखर कारखाने, थोड्या अंतरावर राज्याच्या सीमेपलीकडची निपाणी, आणि मोठ्या खरेदीसाठी कोल्हापूर. उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की अशा गावांतील घराघरांत वर्षभर पुढे ढकललेल्या मागण्यांची यादी निघते. विहिरीवरच्या मोटारीचे वायंडिंग, गोठ्यावरचे पत्रे, मुलीच्या शिकवणीची फी. गेल्या काही वर्षांत या यादीच्या तळाशी एक नवी वस्तू येऊन बसली आहे. बारावीत किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असलेला मुलगा ती मोठ्या धिटाईने सांगतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तिचा नेमका अर्थ लागत नाही. ती वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

वडिलांचा प्रश्न सरळ असतो : "कॉम्प्युटर चालतोय की, मग हे आणि कशाला?" मुलाचे उत्तरही खोटे नसते. संगणक चालतो, परंतु नवा खेळ त्यावर चालत नाही. चालला तर चित्र अडखळते, रंग फाटतात, कधी खेळ सुरूच होत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरीही संवाद तिथेच थांबतो. पुढे एक तर मागणी फेटाळली जाते, किंवा मुलाच्या हट्टापुढे मान तुकवून पैसे दिले जातात. दोन्ही प्रकारांत प्रत्यक्ष निवडीचा विचार होत नाही. २०२५ साली या वर्गातील नवे कार्ड साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांच्या पट्ट्यात मिळत होते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर ज्या घराचा रोजचा खर्च भागतो, त्या घरात ही रक्कम थट्टेवारी नेण्यासारखी नाही. एवढ्या पैशांची म्हैस घेताना जे घर चार ठिकाणी चौकशी करते, दात पाहते, धार काढून बघते, तेच घर ग्राफिक्स कार्ड मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घेते.

खेळासाठी एवढा खर्च करावाच का, हा प्रश्न आधी येतो आणि तो टाळण्याचे कारण नाही. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ वेगळे आणि संगणकावरचा खेळ वेगळा. पहिल्या प्रकाराने अनेक घरे धुऊन नेली आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. दुसऱ्या प्रकारातील चांगला खेळ ही कथा, चित्रकला, संगीत आणि गणित यांची एकत्र बांधणी असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२०मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ जगापुढे आणला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भोवती राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल : हे सारे काही पुण्यातल्या तरुणांनी घडविले. असा खेळ मुरगूडमधल्या मुलाने पाहिला तर त्यात वावगे काय? उलट, हे कसे केले असेल, हा प्रश्न त्याच्या मनात उठला तर तो खर्चाचा पहिला परतावा म्हणावा. किती वेळ खेळावे, अभ्यासाचे काय, हे प्रत्येक घराने आपल्या शिस्तीने ठरवायचे आहे. कार्ड स्वस्त की महाग, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. ग्राफिक्स कार्डाची निवड बाजारातून सुरू होत नाही, ती घरातल्या संगणकाचे झाकण उघडण्यापासून सुरू होते. तालुक्याच्या गावांत संगणक येतो तो बहुधा दोन वाटांनी. एक वाट म्हणजे कोल्हापुरात जुळवून घेतलेला 'असेंबल्ड' संगणक. दुसरी वाट गेल्या दशकात फार रुळली : पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांच्या वापरानंतर उतरविलेले कार्यालयीन संगणक, जे स्वच्छ करून अल्प किमतीत पुन्हा विकले जातात. ही यंत्रे मोठी टिकाऊ असतात आणि त्यांच्यावर कितीतरी मुलांचे शिक्षण झाले आहे. मात्र ती कार्यालयातील टंकलेखनासाठी आणि हिशेबासाठी बनविलेली आहेत. त्यांतील कित्येकांचे कॅबिनेट इतके बारीक असते की नेहमीच्या उंचीचे कार्ड त्यात उभे राहत नाही. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, खास त्या कंपनीच्या घडणीचा असतो; त्याला कार्डासाठीची स्वतंत्र वीजजोडणी नसते आणि तो बाजारातल्या दुसऱ्या डब्याने सहजी बदलताही येत नाही. अशा यंत्रासाठी मुलाने मोठे, दोन पंख्यांचे, खोक्यावर ड्रॅगन किंवा योद्धा छापलेले कार्ड आणले, तर ते कपाटाची शोभा वाढविते, याहून अधिक काही करीत नाही.

असेंबल्ड संगणकाची अडचण वेगळी आणि अधिक धोक्याची आहे. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळालेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे छापलेले असते. त्या आकड्यावर विसंबू नये. डब्याच्या अंगावर एक तक्ता चिकटविलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहे ते पाहावे. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट, एवढीच त्या डब्याची खरी उपयुक्त ताकद. आता हिशेब मांडावा. रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डाला १३२ वॅट लागतात. चौथ्या पिढीतील आय-५ प्रोसेसर ८४ वॅटपर्यंत घेऊ शकतो. मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखे यांना मिळून चाळीसेक धरावेत. बेरीज अडीचशेच्या पुढे जाते. अर्धा एच.पी.च्या मोटारीवर दीड एच.पी.चे काम टाकल्यावर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इथेही तेच होते. फरक एवढाच की जळणारा डबा कधी कधी मदरबोर्ड आणि नवे कोरे कार्ड यांनाही बरोबर घेऊन जातो.

म्हणून पंचवीस हजारांचा निश्चय झाला असेल, तर त्यातले तीन-चार हजार आधी चांगल्या कंपनीच्या, पाच वर्षांच्या हमीच्या एसएमपीएससाठी बाजूला काढावेत, आणि उरलेल्या पैशांत कार्ड बसवावे. मुलांना हे पटत नाही. एसएमपीएस कुणाला दाखविता येत नाही, त्याने खेळात एकही चित्र वाढत नाही. पण ग्रामीण भागातला वीजदाब कसा असतो, शेतीपंपांची पाळी सुरू झाली की दिवे कसे मंदावतात, पावसाळ्यातल्या एका वाऱ्यासरशी वीज जाऊन परत येताना कसा झटका बसतो, हे ज्या घराने पाहिले आहे त्या घराला तरी हा खर्च वायफळ वाटू नये. यूपीएसचेही तसेच. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस फार तर ३६० वॅट पेलतो. खेळ चालू असताना वीज गेली, तर त्याच्या भरवशावर खेळत बसायचे नसते. खेळ साठवून संगणक बंद करण्याइतकीच ती सवड असते.

आणखी एक गोष्ट शहरातल्या समीक्षकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे धूळ. गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर जशी बसते तशीच ती कॅबिनेटमध्येही बसते. कार्डाचे पंखे हवा आत ओढतात आणि हवेबरोबर तीही ओढतात. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्यापूर्वी, कार्ड बाहेर काढून हलक्या कुंचल्याने साफ केले तर त्याचे आयुष्य निश्चित वाढते.

यानंतर प्रश्न येतो नावांचा. या लेखाचा खरा रोख तिथेच आहे, कारण सामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी फसगत तेथे होते, आणि ती फसगत बाजारातला एखादा लबाड गाळेवाला करीत नाही, जगातल्या बलाढ्य कंपन्या उघडपणे करतात. एनव्हिडियाने जानेवारी २०२२मध्ये जीफोर्स आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी स्मृतीसह आणले. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाचे ६ जीबीचे कार्ड आले. वाचणाऱ्याला वाटेल की स्मृती तेवढी दोन जीबीने कमी केली. प्रत्यक्षात आतली गणनकेंद्रे २५६०वरून २३०४वर आली, स्मृतीकडे जाणारा मार्ग १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आला. ते सर्वार्थाने दुसरेच, दुबळे कार्ड होते. त्याआधी २०१८मध्ये जीटी १०३०च्या बाबतीत हाच प्रकार झाला. जीडीडीआर५च्या जागी साधी डीडीआर४ स्मृती बसवून तेच नाव पुढे चालविले गेले. स्मृतीचा वेग जेमतेम एक तृतीयांश राहिला. एएमडीनेही २०१८मध्ये आरएक्स ५८० या नावाखाली २३०४ऐवजी २०४८ केंद्रांचे कार्ड चीनच्या बाजारासाठी काढले, आणि तिथून ते जुन्या मालात मिसळून इकडेतिकडे पसरले. २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विक्रीस आली. दोहोंतला फरक आजच्या काही खेळांत थेट जाणवतो.

साखरेच्या पोत्यावर एम लिहून आत एस भरली तर कारखान्याला कुणी सोडील काय? खताच्या गोणीवर १०:२६:२६ छापून आत निराळेच मिश्रण निघाले तर कृषी खात्याचा निरीक्षक येतो. मग ज्या वस्तूच्या आत डोकावून पाहणे ग्राहकाला शक्यच नाही, त्या वस्तूच्या नावाबाबत एवढी मोकळीक का असावी? आवेष्टित मालावर उत्पादनाचा देश आणि कमाल किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे आहे. त्याच ओळीत कार्डाच्या गणनकेंद्रांची संख्या, स्मृतीचा प्रकार आणि मार्गाची रुंदी छापण्याची सक्ती करणे अवघड नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली तेव्हा वजनकाटा आणि भेसळ हे विषय होते. ग्राहक हा राजा असल्याच्या भाषणांपेक्षा ग्राहकाने चौकस आणि संघटित व्हावे, हा त्या कामाचा गाभा होता. आज वजनकाट्याची जागा या आकड्यांनी घेतली आहे. ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हा विषय आपल्या टिपणवहीत घ्यायला हवा. तो चार हौशी मुलांचा विषय राहिलेला नाही.

नावापाठोपाठ आकड्यांची दुसरी करामत येते. अलीकडची कार्डे कमी आकाराचे चित्र तयार करून ते हिशेबाने मोठे करतात. डीएलएसएस, एफएसआर अशी त्या तंत्रांची नावे. हे तंत्र उपयुक्त आहे, स्वस्त कार्डाला त्याने चांगला हात मिळतो. परंतु त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये संगणकाने अंदाजाने रचलेली चित्रे घुसविणे. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी व्यासपीठावरून ५४९ डॉलरचे नवे कार्ड हे मागच्या पिढीतल्या सर्वश्रेष्ठ ४०९०च्या तोडीचे असल्याचे सांगितले, ते या घुसविलेल्या चित्रांच्या बळावर. दुधात पाणी घालून लिटर वाढविता येतात, फॅट वाढत नाही, आणि संकलन केंद्रावर फॅट लागते. कार्डाची तुलना करताना घुसविलेली चित्रे वगळून मिळणारा आकडा विचारावा.

तर मग घ्यावे कोणते? याचे एकच उत्तर नसले तरी अगदी अधांतरी सोडण्याचेही कारण नाही. आधी घरातला मॉनिटर पाहावा. तो १९२० बाय १०८० बिंदूंचा आणि सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा असेल, तर शंभर चित्रे काढणारे कार्ड आणूनही डोळ्यांना साठच दिसणार. नंतर एक साधी चाचणी घ्यावी. जुने-पाने का होईना, काही कार्ड संगणकात असेल, तर खेळातल्या चित्राचा आकार सेटिंगमध्ये जाऊन पुष्कळ कमी करावा. तरीही वेग वाढला नाही, तर अडथळा कार्डाचा नसून प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक यांसारखे खेळ प्रोसेसरवरच अधिक भार टाकतात. रॅमची एकच ८ जीबीची पट्टी असेल, तर दुसरी जोडल्याने जो फरक पडतो, तो पाहून अनेकांना कार्डाची घाई आपोआप कमी वाटते.

बारीक कॅबिनेटच्या कार्यालयीन संगणकासाठी आजही सर्वांत शहाणपणाची निवड म्हणजे तेच, वर ज्याच्या नावाची निंदा केली ते, ६ जीबीचे आरटीएक्स ३०५०. नाव फसवे असले तरी ते ७० वॅटमध्ये भागते, बहुतेक घडणींना स्वतंत्र वीजजोडणी लागत नाही, आणि कमी उंचीच्या घडणीतही ते मिळते. जे आहे ते ओळखून, त्याच्या खऱ्या लायकीच्या किमतीला घेतले तर त्यात फसगत नाही. मोठ्या कॅबिनेटमध्ये आणि चांगल्या एसएमपीएसवर आरएक्स ६६०० हे २०२१चे कार्ड अद्याप पैशाला जागते. थोडे अधिक पैसे असतील तर ८ जीबीचे आरटीएक्स ५०५० किंवा ५०६० पाहावे. अनुक्रमे १३० आणि १४५ वॅट. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड कागदावर सर्वांत आकर्षक दिसते, डिसेंबर २०२४मध्ये ते २४९ डॉलरला आले. पण त्याला दहाव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा त्या तोडीचा एएमडी प्रोसेसर आणि 'रिसायझेबल बार' नावाची सोय असलेला मदरबोर्ड लागतो. २०१३च्या संगणकात ते घालणे म्हणजे अरुंद पाटातून धरणाचे पाणी सोडणे. आरएक्स ६५०० एक्सटी तर जुन्या संगणकात घेऊच नये. त्याचा मदरबोर्डशी असलेला मार्ग चारपदरी, आणि जुन्या मदरबोर्डवर त्या पदरांचाही वेग निम्मा होतो.

गावातल्या दुकानात अजून एक भाषा ऐकू येते : "चार जीबीचं कार्ड आहे, घेऊन जावा." जीटी ७३० हे २०१४चे कार्ड चार जीबी स्मृती लावून आजही विकले जाते. कार्डाची स्मृती म्हणजे कणगी, त्याची गणनशक्ती म्हणजे बैल. कणगी मोठी केल्याने नांगरट वाढत नाही. दोन मॉनिटर जोडायला किंवा बिघडलेल्या मदरबोर्डाला चित्राचा आधार द्यायला ते ठीक. आधुनिक खेळासाठी ते घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

जुन्या, वापरलेल्या कार्डांचा मोह मोठा आहे आणि तो सर्वस्वी चूकही नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याचे 'खाणकाम' करणारी असंख्य कार्डे एका रात्रीत निरुपयोगी ठरली. ती जुन्या बाजारात आली. दिवसरात्र राबलेले प्रत्येक कार्ड मेलेलेच असते असे नाही, पण त्याचे पंखे आणि स्मृती थकलेली असू शकते. त्याहून वाईट म्हणजे बनावट माल : कितीतरी जुन्या कार्डाच्या आतली माहिती बदलून ते संगणकाला '१०५० टीआय' असे आपले नाव सांगते. जीपीयू-झेड नावाची छोटी मोफत आज्ञावली अशी चोरी बहुधा पकडते. विकणाऱ्यासमोर अर्धा तास खेळ चालवून पाहावा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का ते पाहावे, आणि नंतरच पैसे मोजावेत. समोर चालवून दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग तो ओळखीचा असला तरी. ओळखीच्या माणसाकडून घेतलेला माल बिघडला, तर पैशाबरोबर संबंधही जातात.

वय हाही मुद्दा आहे. एनव्हिडियाने १० मालिकेतील आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुकूल अशी आज्ञावली देणे ऑक्टोबर २०२५पासून थांबविले. आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे एकेकाळी घराघरांत मानाचे स्थान मिळविलेले १०५० टीआय आज तीन-चार हजारांना मिळाले तरी ते उतारावरचे वाहन आहे. जीटीएक्स १६५०ला तो आधार अजून आहे, पण प्रकाशकिरणांची गणना करणारी सोय त्यात नाही, आणि २०२४मधील 'इंडियाना जोन्स' किंवा २०२५मधील 'डूम'चा नवा भाग तिच्यावाचून सुरूच होत नाहीत. ज्या मुलाला पाच वर्षांपूर्वीचे खेळ खेळायचे आहेत त्याला १६५० पुरेसे आहे. आणि पाच वर्षांपूर्वीच्या खेळांत खेळण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाय ते निम्म्या किमतीत मिळतात.

थांबावे का, भाव उतरतील का, असेही विचारले जाते. २०२५च्या अखेरीस कृत्रिम प्रज्ञेच्या अवाढव्य केंद्रांनी स्मृतिचिपांचा साठा ओढून घेतला आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा छाप बंद करण्याची घोषणा केली, यावरून वाऱ्याची दिशा कळावी. कार्डावरही तीच स्मृती बसते. तेव्हा खरी गरज असेल तर सणाच्या सवलतीची वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही; गरज नसेल तर भाव वाढणार म्हणून घाईघाईने घेण्यातही नाही. मुलगा बारावीत असेल, तर परीक्षेपर्यंतची वाट पाहणे हा एक स्वतंत्र, घरगुती आणि बिनतोड मुद्दा आहे.

'अभ्यासासाठी पाहिजे' हे मुलांचे ठेवणीतले वाक्य वडील हसण्यावारी नेतात. त्यात काही तथ्य आहे, हेही नोंदविले पाहिजे. ब्लेंडरमध्ये त्रिमिती चित्र उभे करणे, चित्रफितीचे संकलन, यंत्रशिक्षणाचे लहान प्रयोग यांना हेच कार्ड उपयोगी पडते. यंत्रशिक्षणातील पुष्कळशी साधने एनव्हिडियाच्या 'कुडा' या प्रणालीवर उभी आहेत; तो मार्ग धरायचा असेल तर त्या कंपनीचे कार्ड घेण्याला सबळ कारण मिळते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभारला, तो डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. त्याच घराण्यातील २०२०चा 'परम सिद्धी-एआय' आज याच जातीच्या, अर्थात फार मोठ्या, कार्डांवर चालतो. बंगळूर, हैदराबाद आणि पुणे येथील एनव्हिडियाच्या केंद्रांत भारतीय अभियंते काम करतात. चिप मात्र तैवानमध्ये किंवा कोरियात घडते आणि आपण तिच्यावर १८ टक्के जीएसटी भरून ती विकत घेतो. धोलेरा येथे मार्च २०२४मध्ये ज्या कारखान्याची पायाभरणी झाली तो २८ नॅनोमीटर आणि त्यापेक्षा ढोबळ चिपांचा आहे. गाड्यांना, मीटरांना, यंत्रांना त्या लागतील. खेळाच्या कार्डाची चिप त्याहून कितीतरी सूक्ष्म असते. स्वदेशी ग्राफिक्स कार्ड दुकानात मिळेपर्यंत मुरगूडच्या मुलाने थांबावे, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण कोणती चिप कुठे घडते, हे खोक्यावरून त्याला समजावून सांगणारे कुणी घरात किंवा शाखेत असावे.

खरेदी कुठे करावी, यावर मुलांचे मत ठरलेले असते : ऑनलाईन, कारण तिथे दीड हजार कमी. कोल्हापूरच्या दुकानदाराकडे जाऊन, जुना संगणक बरोबर नेऊन, कार्ड बसवून आणि चालवून घेण्याची किंमत ते धरीत नाहीत. हमीच्या काळात कार्ड बिघडले, तर कुरियरने कुठल्या शहरात पाठवायचे, पुराच्या दिवसांत ते कधी परतायचे, हेही ते धरीत नाहीत. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच : जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक. 'बिल नको असेल तर हजार कमी' हे ऐकताच दुकानाबाहेर पडावे. पक्के बिल हाती असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळूरचा असला तरी दाद कोल्हापुरात मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय मदतक्रमांक त्याआधी वापरून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्याने विक्रेत्याची भाषा बदलते.

राहता राहिले वीजबिल. संगणक आणि मॉनिटर मिळून अडीचशे वॅट धरले आणि रोज तीन तास खेळ झाला, तर महिन्याला बावीस-तेवीस युनिट होतात. ज्या घराचा वापर नव्वदीच्या घरात आहे, त्या घराचे युनिट शंभराची रेघ ओलांडतात, आणि शंभरावरच्या युनिटला महावितरणचा दर वेगळा, चढा असतो. हा हिशेब मुलालाच करायला सांगावा. मागच्या सहा महिन्यांची बिले त्याच्या हाती द्यावीत, बरोबर एक टॉर्च द्यावी, आणि कॅबिनेटचे झाकण उघडून एसएमपीएसच्या तक्त्यावर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहे ते मोठ्याने वाचायला सांगावे. शेजारी वडिलांनी वही-पेन घेऊन बसावे. कोणते कार्ड घ्यायचे, ते त्या वहीत उतरलेल्या आकड्यांवरून तासाभरात ठरते, आणि कित्येकदा असेही ठरते की यंदा एसएमपीएस आणि रॅमची एक पट्टी, कार्ड पुढच्या हंगामात.